आंब्यातली वानरी: एका कामाचे ११६ तास

हे प्रकरण माझंच आहे. मी लाकडात मूर्ती कोरते. मोठं लाकूड चेनसॉने उतरवते आणि बारीक काम पटाशीने करते. पोट त्यावरच आहे, जोडीला दुसरी नोकरी नाही. हे एक काम संपल्यावर वहीतल्या तासांची बेरीज केली, तेव्हा कळलं की ठरवलेल्या ताशी मजुरीच्या निम्म्याहून किंचित जास्त माझ्या हातात पडली होती. गिऱ्हाईक नाराज नव्हतं, पैसेही बुडवले नव्हते. तरीही निम्मेच. उरलेले कुठे गेले ते क्रमाने लिहिते आहे, कारण या धंद्यात नव्याने आलेल्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा याच फटींतून गळतात आणि त्याला ते दोन-तीन वर्षं कळतही नाही.

अंगणातलं जुनं आंब्याचं झाड वादळात मुळासकट आडवं झालं होतं. मालक वयस्कर गृहस्थ, मी त्यांना काका म्हणायला लागले. फांद्या सरपणाला गेल्या होत्या, पण खोड कुणाला द्यायला ते तयार नव्हते. त्या झाडावर वानरांची टोळी यायची. त्यातली एक वानरी पिलाला पोटाशी धरून एकाच फांदीवर बसायची. तीच त्यांना त्या खोडात हवी होती.

“ताई, तिचा चेहरा मला पक्का आठवतोय. तेवढा उतरवा, बाकी कसंही असू दे,” ते म्हणाले.

पुढच्या सगळ्या हिशेबाची किल्ली या एका वाक्यात होती. मी ते ऐकलं, वहीत लिहिलंही, आणि दर मात्र दुसऱ्याच कामाचा सांगितला.

खोड १.७ मीटर लांब आणि साधारण ६० सेंटिमीटर व्यासाचं होतं. म्हणजे अर्ध्या घनमीटरला थोडं कमी. ओल्या लाकडाचं वजन जवळपास पाण्याइतकं धरलं तर साडेचारशे किलोच्या आसपास. मी ६० तासांचा अंदाज बांधला, काम उक्तं ठरवलं आणि एक तृतीयांश विसार घेतला. ६० हा आकडा आला कुठून? आधी केलेल्या अस्वलांतून, माशांतून, गरुडांतून. ती कामं बहुतेक करवतीवरच उभी राहतात. करवतीचे ओरखडे केसांसारखे ठेवायचे, डोळे ग्राइंडरने खोल करायचे, वरून ब्लोटॉर्चने जाळून सावली आणायची, तेल लावायचं, झालं. त्यात कसब नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज गावात या कामाची स्पर्धा भरते, तिथे आखीव ओंडक्यातून काही तासांत पूर्ण शिल्प उभं करतात. एवढ्या वेळात प्राण्याच्या अंगाचा तोल बरोबर पकडणं भल्याभल्यांना जमत नाही. पण त्या कामाची किंमत वेगावर बसलेली असते. चेहऱ्यावरून ओळख पटावी अशी मूर्ती मागितली की वेगाचा संबंध पहिल्या काही दिवसांपुरताच उरतो. गिऱ्हाइकाला हा फरक दिसत नाही, दोन्ही कामं त्याच्या लेखी “करवतीने कोरलेली”च असतात. फरक समजावणं माझं काम होतं. ते मी केलं नाही.

आंब्याबद्दल मात्र बोलले. लाकूड पटाशीला चांगलं आहे, फार कडक नाही, धार धरून चालतं. पण उघड्यावर टिकत नाही. पडलेला ओंडका ओला राहिला की थोड्याच दिवसांत त्यावर निळे-काळे बुरशीचे पट्टे चढतात, आणि बाहेरच्या पांढऱ्या लाकडात भुंगेऱ्यांच्या अळ्या घर करतात. अंगणात मातीवर उभी केली तर वानरी काही पावसाळ्यांतच पायाकडून कुजेल, असं मी स्पष्ट सांगितलं. काकांनी जागा बदलली. छपराखाली दगडी जोतं, वर पोलादी खुंटी आणि मूर्तीच्या बुडाखाली तीन सेंटिमीटर मोकळी हवा, असं ठरलं. लाकडाचं बूड म्हणजे तोंडं उघडी असलेल्या नळ्यांची जुडी. ओल्या जागेवर टेकलं की पाणी आपोआप वर ओढलं जातं. साल काढल्याबरोबर टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं द्रावण चोपडलं. लाकूड ओलं असताना ते आतपर्यंत झिरपतं आणि कीड धरत नाही. उघड्या पावसात ते धुऊन जातं, म्हणूनही छप्पर हवंच होतं.

काका म्हणाले, “मग आधी वाळू द्यायचं का?” प्रश्न बरोबर होता. फळ्यांसाठी ढोबळ हिशेब असा की दर इंच जाडीला साधारण एक वर्ष. साठ सेंटिमीटरचा अखंड ओंडका या हिशेबाने वाळवायचा तर एक पिढी जाईल, आणि अखंड वाळताना तो फाटल्याशिवाय राहणारही नाही. म्हणून अखंड ओंडका ओलाच कोरतात, ओला असताना तो मऊही असतो. फक्त एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते: तो पुढे फाटणार. कुठे फाटावा, एवढंच आपण ठरवू शकतो.

हे मला माहीत होतं. तरी मी ते ठरवलं नाही. त्याकडे पुढे येते.

दुसऱ्या तासाला करवतीतून ठिणग्या उडाल्या. साखळी लगेच बोथट झाली, कापायच्या जागी घासू लागली आणि भुशाऐवजी पीठ पडू लागलं. पटाशीने उकरून पाहिलं तर आत चार बोटं खोल लोखंडी कडी. झाडाने ती कधीच गिळली होती. भोवतीचं लाकूड निळसर काळं पडलं होतं, कारण लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड एकत्र आले की शाईसारखा डाग पडतो. काका बाहेर आले, वाकून पाहिलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “झोपाळ्याची आहे. मुलं लहान होती तेव्हाचा.”

अंगणातल्या झाडाच्या पोटात खिळा, तार, कडी यांतलं काहीतरी असतंच. धातुशोधक आधी फिरवायला दहा मिनिटं लागली असती. मी फिरवला नाही. एक साखळी गेली, दुसरीचे दात अर्धे झिजवावे लागले. चेनसॉचे आजचे दात कसे आले याची एक गोष्ट आहे. १९४६ मध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने भुंगेऱ्याची अळी लाकूड कशी खाते हे बारकाईने पाहिलं. अळी डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने कुरतडत पुढे सरकते. त्यावरून त्याने डावा-उजवा दात असलेली साखळी बनवली. हा दात खरवडत नाही, ढलपी काढतो. पण ढलपी काढायला त्याची कड वस्तऱ्यासारखी लागते, आणि दगड किंवा लोखंड एकदा लागलं की ती कड गेली. मग प्रत्येक दात गोल कानशीने, एकाच कोनात, मोजून तेवढेच घाव देऊन घासायचा. डावे दात एक घाव जास्त घासले गेले तरी करवत एका बाजूला ओढते. या कामात धार लावण्यात माझे आठ तास गेले. अंदाजात धारेचे तास शून्य होते.

मूळ आकार काढायला ११ तास लागले. लांब पट्टीच्या करवतीने (पट्टी म्हणजे जिच्या कडेवरून साखळी फिरते ती) डोकं, खांदे, गुडघे, शेपटीचा वळसा एवढेच मोठे ठोकळे. त्यानंतर ९ तास कोरीवकामाच्या पट्टीने. तिचं टोक अगदी निमुळतं, छोट्या नाण्याएवढ्या गोलाईचं असतं. साध्या पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला तर करवत क्षणात तोंडाकडे उसळते. टोक बारीक असलं की हा धक्का बराच कमी होतो, आणि टोक खुपसून काखेतली, मांडीखालची जागा पोखरता येते. कमी होतो म्हणजे संपत नाही. ब्रेक तपासल्याशिवाय आणि पायात तंतूंचे थर भरलेली विजार असल्याशिवाय मी करवत सुरू करत नाही. त्या विजारीला साखळी लागली तर तंतू बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि करवत थांबते. शिवाय शिल्पात बरेच काप लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जातात, आणि तेव्हा भुशाऐवजी लांब शेवया निघून चाकाच्या झाकणात कोंबल्या जातात. दर वीस मिनिटांनी झाकण उघडून त्या उपसाव्या लागतात. हे मिनिटभराचं काम दिवसभरात पुन्हा पुन्हा करावं लागतं.

इथे एक गोष्ट नीट सांगायची आहे, कारण मजुरीच्या हिशेबात ती कुणीच धरत नाही. करवतीचा दिवस आठ तासांचा नसतो. तो शरीरच होऊ देत नाही. हाताला बसणाऱ्या कंपनाचं मोजमाप आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीने सेकंद-वर्गाला २.५ मीटर झाले की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ ही कमाल मर्यादा. यंत्राची कंपनं ५ असतील तर उपायांची पातळी दोन तासांतच गाठली जाते, कारण वेळेचा हिशेब वर्गमुळाने चालतो. माझा मालक मीच, त्यामुळे मला थांबवायला दुसरं कुणी नाही. रोज जास्त वेळ आणि वर्षानुवर्षं करवत चालवली की थंडीत बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, पुढे बटण लावता येत नाही. १९१८ मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेत इंडियानातल्या बेडफर्डच्या दगडखाणींत हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्यावर काम करणाऱ्या पाथरवटांची अशीच बोटं तपासून नोंदवली होती. पटाशी धरणाऱ्या माणसाची बोटं गेली की धंदा गेला. आवाजाचंही तसंच. ८५ डेसिबल आठ तास सोसतात असं धरलं तर दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, आणि करवत १०० च्या बरीच वर जाते. म्हणून कान झाकूनही मी दिवसाला दोन-अडीच तासांवर करवत चालवत नाही. २० तासांचं करवतकाम याचा अर्थ आठ ते दहा दिवस. “दोन दिवसांत उतरवून देते” असं गिऱ्हाइकाला सांगणारे लोक तो वेग आपल्या बोटांतून फेडत असतात.

ग्राइंडरचे ७ तास पटकन सांगून सोडते. चकतीने अंग गुळगुळीत केलं, पाठीचा बाक जुळवला, धूळ अडवणाऱ्या मुखवट्यातून श्वास घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या यादीत लाकडाची धूळ कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात १९९५ पासून आहे, आणि ग्राइंडरची धूळ सगळ्यांत बारीक.

मग पटाशी.

अंदाजात मी हातकामाला १५ तास धरले होते. लागले ३८. आईचा चेहरा, पिलाचा चेहरा, आईची बोटं पिलाच्या पाठीवर, पिलाची बोटं आईच्या केसांत. वानराचा चेहरा काळा आणि भोवती केसांची झालर असते. लाकडात काळा रंग द्यायचा नव्हता, म्हणून चेहरा घोटून गुळगुळीत ठेवायचा आणि झालर व्ही-पटाशीने खडबडीत करायची, म्हणजे उजेड दोन्हीकडे वेगळा पडतो. गोल पटाश्यांना त्यांच्या गोलाईवरून क्रमांक असतात. ३ नंबर जवळजवळ सपाट, ९ खोल गोल, ११ नंबर तर उभ्या भिंतींच्या पन्हळीसारखा. डोळ्याची खोबण ९ नंबरने, गाल ३ नंबरने. पापणीसाठी आधी उभा घाव देऊन रेषा तोडायची, मग त्या घावापर्यंत बाजूने तिरकं यायचं. हा क्रम उलटा केला तर लाकूड रेषेसोबत फाटत जातं आणि पापणीसकट कपाळ निघून येतं. पिलाच्या डाव्या डोळ्याशी एक छोटी गाठ होती. गाठीभोवती रेषा पाण्यासारखी वळते. एका मिलिमीटरवर पटाशी डावीकडून चालते, पुढच्या मिलिमीटरवर उजवीकडून. तिथे मोगरी खाली ठेवली, पटाशी दोन्ही हातांत धरली आणि नुसत्या मनगटाने दाबत गेले. चामड्याच्या पट्टीवर दर दहा मिनिटांनी पातं पुसलं. त्या एका डोळ्याला अडीच तास लागले. डोळा लागला तेव्हा पिलू कुठेतरी वर बघत होतं, आईकडे नव्हे. मी ठरवलेलं नव्हतं, गाठीने ठरवलं. काकांनी ते पाहिलं तेव्हा ते म्हणाले, “असंच बघायचं ते.” हे वाक्य मी हिशेबात धरत नाही, पण मी या कामात का आहे असं कुणी विचारलं तर ते सांगेन.

बाकीचं असं: तेलपाण्याचे ७ तास, वाहतूक आणि उभारणीचे ९, बोलणी, चित्रं आणि मापांचे ६. निम्मं लाकूड ढलप्या होऊन गेलं होतं तरी मूर्ती दोनशे किलोंच्या वर होती. चेनब्लॉक, लाकडी तिकाटणं आणि चार माणसं लागली. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी मी पाण्याच्या बादलीत टाकून नेते, कारण त्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. लाकूडकामाच्या शेडा अशाने जळाल्या आहेत.

मूर्ती उभी राहिली तेव्हा वहीत ९५ तास होते. तोवर मी स्वतःला समजावत होते की चांगलं काम केलं, पुढची मागणी त्यातून येईल.

सातव्या आठवड्यात काकांचा फोन आला. “ताई, पिलाच्या तोंडावर चीर पडलीय.”

जाऊन पाहिलं. आईच्या हनुवटीखालून निघालेली भेग पिलाच्या कपाळावरून, उजव्या डोळ्याच्या कडेने, आईच्या बोटांपर्यंत उतरली होती. रुंदी ११ मिलिमीटर. डावा डोळा वाचला होता.

लाकूड असं का फाटतं ते नीट पाहण्यासारखं आहे. ओल्या लाकडातलं पाणी आधी पेशींच्या पोकळीतून जातं, तोवर ते आकसत नाही. आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास आली की पेशींच्या भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि तेव्हाच आकसणं सुरू होतं. म्हणून मोठी भेग सहसा पहिल्या आठवड्यात दिसत नाही. आता आकसणं सगळ्या दिशांना सारखं असतं तर ओंडका फक्त बारीक झाला असता. पण वाढीच्या कड्यांच्या दिशेने लाकूड जेवढं आकसतं, त्याच्या जवळपास निम्मंच ते केंद्राकडून सालीकडे आकसतं. म्हणजे परीघ लहान होऊ पाहतो आणि त्रिज्या त्याला तेवढी साथ देत नाही. परीघ कुठेतरी उघडणारच. आणि तो उघडतो जिथे केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर सगळ्यांत कमी असेल तिथे. माझ्या मूर्तीत सगळ्यांत खोल कोरलेली जागा कोणती? आईच्या छातीची आणि पिलाच्या चेहऱ्याची. सगळ्यांत जास्त तास जिथे घातले, तिथेच भेगेला रस्ता करून दिला होता.

यावरचा उपाय जुना आहे. पाठीमागून केंद्रापर्यंत एक उभा काप घेऊन ठेवायचा. लाकूड आकसताना तो काप रुंदावतो आणि पुढची बाजू शाबूत राहते. जर्मनीत वुर्झबर्गच्या टिलमान रीमनश्नायडरच्या कार्यशाळेतून, पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या संधीवर, लिंडेनच्या लाकडातले संत बाहेर पडले. त्यांतल्या भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या अनेकांच्या पाठी पोखरलेल्या आहेत, म्हणजे केंद्रच काढून टाकलेलं. जपानमध्ये नाराच्या तोदाइ-जी मंदिराच्या दक्षिण महाद्वारात उनकेइ आणि काइकेइ यांच्या कार्यशाळेने १२०३ मध्ये आठ मीटरहून उंच दोन द्वारपाल उभे केले, तेही ६९ दिवसांत. ते अखंड खोडातले नाहीत. असंख्य तुकडे जोडून केले आहेत. त्यामुळे खूप हात एका वेळी कामाला लागले, आणि एकाही तुकड्यात इतकं लाकूड नव्हतं की ते स्वतःच्या ताणाने फुटावं. या लोकांना भेगेची रीत माहीत होती आणि त्यांनी मूर्तीची रचनाच तिच्याभोवती केली.

मलाही माहीत होती. मी पाठ का कापली नाही? कारण काकांना मूर्ती चारी बाजूंनी बघायची होती आणि पाठीवरचे केस मी दीड दिवस कोरले होते. त्या केसांतून करवत घालायला हात धजला नाही. हा निर्णय मी लाकडाकडे बघून घेतला नाही, आपल्या मेहनतीकडे बघून घेतला. या प्रकरणातली सगळ्यांत महाग चूक हीच.

दुरुस्तीला २१ तास गेले. आधी तीच करवत घेऊन पाठीतून, केसांच्या मधोमध, केंद्रापर्यंत काप घेतला. हात थरथरत होता, पण काप सरळ गेला. पुढच्या भेगेत लगेच पाचर ठोकली नाही. लाकूड अजून वाळत होतं, आणि घट्ट पाचर बसवली तर ते तिच्या शेजारी फाटलं असतं. तीन महिने थांबले. तेवढ्यात मागचा काप उघडत गेला आणि पुढची भेग ११ वरून ८ मिलिमीटरवर आली. मग त्याच झाडाच्या वाळलेल्या फांदीतून पाचरी तासल्या, रेषेची दिशा जुळवली, आणि गोंद फक्त एका बाजूला लावला. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि उन्हाळ्यात आकसलं तरी पाचर सरकून घेईल. मग पिलाचा उजवा गाल त्या पाचरीवर पुन्हा कोरला. पाठीतल्या कापावर झाकण ठेवलं नाही. तिथे ती झोपाळ्याची कडी बसवली. काकांचीच सूचना होती.

एकूण ११६ तास. ठरलेले ६०. दुरुस्तीचे पैसे मी मागितले नाहीत. काका द्यायला तयार होते, पण बोलणी करताना भेगेबद्दल मी एक अक्षर लिहून दिलं नव्हतं, त्यामुळे मागायचा हक्क मला वाटला नाही.

वहीकडे पुन्हा पाहिलं तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. करवतीचे दोन्ही टप्पे मिळून २० तास, आणि ते अंदाजाबरहुकूम होते. करवतीने मला फसवलं नव्हतं. फरक पडला तो हातकामात, धारेत, ओझ्यात आणि भेगेत. म्हणजे करवत आणखी वेगाने चालवून ही तूट भरलीच नसती. २० चे १५ केले असते तरी पाच तास सुटले असते आणि मनगटं गेली असती. तरी या धंद्यात अडचण आली की माणूस आधी आणखी ताकदीची करवत घ्यायला जातो. मीही एकदा घेतली आहे.

त्यानंतर मी दर सांगण्याची पद्धत बदलली. आता चेहरा असलेलं काम आणि चेहरा नसलेलं काम असे दोन वेगळे दर आहेत, आणि चित्र काढून होईपर्यंत मी आकडा बोलत नाही. चित्राचे पैसे वेगळे घेते. ते देणारं गिऱ्हाईक पुढचंही देतं असा माझा अनुभव आहे. विसार तीन टप्प्यांत. धारेसाठी दर चार तास कामामागे एक तास धरते. आणि एक कागद देते, त्यावर साध्या भाषेत लिहिलेलं असतं की अखंड लाकूड वाळताना फाटेल, भेग मागे यावी म्हणून मी काप घेते आहे, तरी बारीक चिरा पुढे दिसतील, आणि पहिल्या वर्षात दोनदा येऊन पाहण्याचे पैसे या रकमेत धरलेले आहेत. कागद वाचून दोन गिऱ्हाइकं परत गेली. त्यांचं वाईट वाटलं, पण ती कामं घेतली असती तर त्यांतही फोन आलाच असता.

वर्षातून एकदा तेल लावायला जाणं, ही मी आधी मैत्रीखातर करायची गोष्ट होती. आता ते ठरलेलं, पैसे घेऊन केलेलं काम आहे, आणि वर्षाच्या मिळकतीत त्याचा वाटा वाढतो आहे. ऊन लाकडातल्या लिग्निनला, म्हणजे तंतू धरून ठेवणाऱ्या द्रव्याला, खातं, पृष्ठभाग करडा पडतो, तेल उडतं. ज्याने कोरलं त्यालाच ते कुठे झिजतंय ते कळतं. उभ्या वाळलेल्या बुंध्यांची कामंही मी जास्त घेते, कारण त्यांत ओझं वाहायचं नसतं. पावसाच्या दिवसांत करवत बंद असते तेव्हा मुखवटे, चमचे, छोटे पक्षी पटाशीने करते आणि शिकायला येणाऱ्यांना धार लावायला शिकवते. शिकणारे कोरायला आलेले असतात, पहिले चार दिवस त्यांच्या हातात फक्त दगड आणि चामड्याची पट्टी असते. काही जण कंटाळून जातात. जे राहतात त्यांच्या हातून पाचव्या दिवशी निघालेली पहिली ढलपी अखंड, चकचकीत आणि वेटोळी असते, ती ते खिशात घालून घरी नेतात.

एवढं करूनही वर्ष सारखं जात नाही. दोन महिने कामाचा ढीग, मग एक महिना कोरडा. ताशी मजुरी मात्र आता ठरवते तेवढीच पडते, कधी दहा टक्के इकडे-तिकडे.

या वर्षी तेल लावायला गेले तेव्हा वानरीच्या पुढच्या भेगेत पाचरीशेजारी पत्र्याची जाडीमापक पट्टी घालून पाहिली. अर्धा मिलिमीटर. पाठीतला काप १९ मिलिमीटरवर थांबलेला आहे, गेल्या खेपेलाही तेवढाच होता. बुडाखाली आकडा आणि तारीख पेन्सिलीने लिहिली. काकांनी कडीला तेल लावू दिलं नाही.

त्याच झाडाचा वरचा भाग, शेंड्याकडे बारीक होत गेलेला एक हात लांब ओंडका, मी मागून घेतला होता. केंद्राचा गाभा पोखरून काढून टाकला, दोन्ही तोंडांना मेण लावलं आणि तो शेडमध्ये फळीवर ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन करून सालीच्या जागी खडूने लिहिते. ३४ किलो, ३१, २९, २७.५, २६.५, २६. या महिन्यात २५.८ भरलं. काटा लागोपाठ तीन महिने हलला नाही की त्यावर चित्र काढेन.